जरा तोंड उघडा!

ह्यांच्या हृदयाची फाईल आता पाठ्यपुस्तकापेक्षा जाड झाली आहे. २०१९ च्या दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी आमची वारी ठरलेली. नंबर लागेपर्यंत दीड-दोन तास बाकावर बसायचं. तिथे प्रत्येक वेळी एक फॉर्म भरून घेतात. एकदा वेळ जाता जाईना म्हणून मी त्यातले प्रश्न मोजले. एक्केचाळीस! छातीत दुखतं का, जिना चढताना धाप लागते का, पायावर सूज येते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, चिडचिड होते का. घरातला संडास साधा की कमोड, हेसुद्धा विचारलं आहे. (विचारू दे, गुडघ्यांसाठी असेल.) पण तोंडाबद्दल एकही प्रश्न नाही. दात नाहीत, हिरड्या नाहीत. छातीवरून वर सरकलेला तो फॉर्म मधलं तोंड टाळून एकदम डोळ्यांवर जातो.

आणि घरी? रोज सकाळी ह्यांनी बेसिनमध्ये चूळ टाकली की पाणी गुलाबी. एक-दोन दिवस नव्हे, दहा-बारा वर्षं. दोष फक्त डॉक्टरांना देऊन मला मोकळं होता येणार नाही, कारण ते बेसिन रोज मीच धूत होते. धूत होते, बघत नव्हते.

यंदा फेब्रुवारीत भाकरी खाताना ह्यांचा एक दात हातात आला. दुखलं नाही, रक्तही फारसं नाही. पिकलेलं फळ देठापासून सुटावं तसा सुटला. हे म्हणाले, "वय झालं," आणि दात कागदात गुंडाळून पुढची भाकरी मोडली. सूनबाईने मात्र ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वयाने माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांएवढी पोर. खुर्चीत बसवण्याआधी तिने विचारलं, हार्टचा काही त्रास? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे? बीपीला कुठली गोळी? साखर किती असते? मग एक बारीक, खुणा केलेली सळई हिरडी आणि दाताच्या फटीत हलकेच घालत ती आकडे सांगू लागली आणि मदतनीस मुलगी लिहून घेऊ लागली. पाच, सहा, पाच, सात, चार, सहा... वर्गात हजेरी घ्यावी तसं. निरोगी हिरडीत ही सळई एक ते तीन मिलिमीटरच जाते म्हणे. ह्यांच्या तोंडात एक कोपरा सोडला तर सगळीकडे त्याच्या पुढे. यालाच आपल्या आईवडिलांच्या पिढीत 'पायरिया' म्हणत.

सगळं झाल्यावर तिने विचारलं, "आजोबांच्या हार्टच्या डॉक्टरांना हे माहीत आहे ना?"

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर मी पाचवीच्या वर्गाला घालावं तसं एक गणित स्वतःलाच घातलं. दाताचा घेर साधारण दोन सेंटीमीटर धरा. फट अर्धा सेंटीमीटर खोल. म्हणजे एका दाताभोवती एक चौरस सेंटीमीटर दुखावलेली हिरडी. ह्यांचे दात उरलेत चोवीस. अगदी अंदाजाचं गणित आहे, थोडं इकडे तिकडे होईल, पण उत्तर येतं चोवीस चौरस सेंटीमीटर, म्हणजे चार बाय सहा सेंटीमीटरचा तुकडा. आता मला सांगा, मधुमेह असलेल्या, दोन स्टेंट घातलेल्या माणसाच्या नडगीवर एवढी जखम असती, ती दाबली की रक्त आणि पू येत असता, आणि ती बारा वर्षं भरली नसती, तर घरात काय झालं असतं? मी ह्यांना झोपू दिलं असतं का? डॉक्टरांनी पँट वर करून पाहिलं नसतं का? जखम तोंडात होती, एवढाच काय तो फरक.

हे सगळं मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. त्यावर जी दोन उत्तरं आली त्यांच्यामुळे आज हे लिहायला बसले आहे.

पहिलं उत्तर पुतण्याचं. पाच मिनिटांच्या आत एक फॉरवर्ड! हृदयविकाराचं खरं मूळ हिरड्यांत आहे, डॉक्टरमंडळी हे मुद्दाम लपवतात, रोज सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या करा, ब्लॉकेज आपोआप विरघळतील. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. दुसरं उत्तर आमच्या धाकट्या भाऊजींचं. "वहिनी, हिरड्यांतून रक्त कुणाच्या येत नाही? दाताचं दाताला, हृदयाचं हृदयाला. आता पंचाहत्तरीनंतर दातांवर पैसे घालून काय करायचंय?"

दोघेही माझ्या मायेतले. पण दोघांशीही मला भांडायचं आहे, आणि ते एकाच शस्त्राने. ते शस्त्र वैद्यकशास्त्राचं नाही. मी मराठीतली बी.ए., पुतण्याने याची आठवण मला लगेच करून दिलीच. शस्त्र व्याकरणाचं आहे.

उभयान्वयी अव्यय आठवतंय का? निदान माझ्या हाताखालून गेलेल्यांना आठवावं! 'आणि' हे समुच्चयबोधक. दोन वाक्यं शेजारी ठेवतं, त्यापलीकडे काही दावा करत नाही. 'म्हणून' हे परिणामबोधक. पहिल्यामुळे दुसरं घडलं असं ते सांगतं. "पाऊस पडला आणि शाळा सुटली" आणि "पाऊस पडला म्हणून शाळा सुटली" यात फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात पाच वाजले असतील, म्हणून सुटली असेल. हिरड्या आणि हृदय या प्रकरणात शास्त्राने आजवर लिहिलंय ते ठसठशीत, अधोरेखित 'आणि' आहे. पुतण्याचा फॉरवर्ड तो पुसून तिथे 'म्हणून' लिहितो. भाऊजी म्हणतात, 'म्हणून' नाही ना, मग अख्खं वाक्यच खोडा. दोघांनाही मी शून्य मार्क देईन.

हा 'आणि' आला कुठून ते सांगते. भाचीने (ती औषधनिर्माण शिकली आहे) चार निबंध उतरवून दिले, आणि शब्दकोश शेजारी घेऊन मी महिनाभर वाचत होते. फिनलंडमध्ये १९८९ साली डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या शंभर जणांची तोंडं तपासली आणि त्यांच्या शेजारी झटका न आलेल्या एकशे दोन जणांची. झटका आलेल्यांची तोंडं वाईट निघाली. वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक राहिला. मग अशा अभ्यासांची रांगच लागली. २०१० साली स्कॉटलंडमधल्या ११,८६९ लोकांची पाहणी छापून आली. दिवसातून एकदाही नीट दात न घासणाऱ्यांना दोनदा घासणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका सुमारे सत्तर टक्के जास्त, आणि त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणाही जास्त. स्वीडनमध्ये २०१६ साली पहिला झटका आलेले ८०५ लोक आणि त्यांच्याच वयाचे, त्याच भागातले, झटका न आलेले ८०५ लोक घेतले. हिरड्यांचा रोग पहिल्यांत ४३ टक्के, दुसऱ्यांत ३३ टक्के. धूम्रपान, मधुमेह वगैरे बाजूला काढल्यावर धोका साधारण अठ्ठावीस टक्के जास्त उरला.

अठ्ठावीस टक्के. पुतण्या, नीट वाच. निरोगी हृदयवाल्यांतही तिघांपैकी एकाच्या हिरड्या खराब होत्या, आणि झटका आलेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक निरोगी हिरड्यांचे होते. याला 'खरं मूळ' म्हणत नाहीत.

शिवाय तिसरा कुणीतरी दोघांच्याही मागे उभा असू शकतो. तंबाखू घ्या. तंबाखू हिरड्यांची नासाडी करते आणि हृदयाचीही. आमच्या सांगली-साताऱ्याकडे तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून तिची मिसरी करतात, काही ठिकाणी मशेरी म्हणतात. माझ्या सासूबाई दिवसातून चार वेळा लावायच्या. विहिरीवर, जात्यावर, जेवणानंतर. मिसरीशिवाय बायकांची बैठक व्हायची नाही. दात घासायचं साधन म्हणून ती घरात शिरली आणि व्यसन म्हणून राहिली. १९९२ साली सरकारने दंतमंजन-टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? आणि त्यात एक मेख आहे जी मला या वयात कळली: निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे तंबाखूवाल्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं! आतून सडत असते आणि वरून कोरडी दिसते. सासूबाई अभिमानाने म्हणायच्या, "माज्या हिरड्यांतनं कदी रगत न्हाई." साठीला त्यांच्या तोंडात दात नव्हता. पुढची अठरा वर्षं त्यांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि गेल्या त्या हृदयविकारानेच. यात 'म्हणून' कुठे घालायचं ते मला सांगता येणार नाही. सांगत नाही.

असो. तर अशा शंका घेऊनच अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळे अभ्यास चाळले आणि म्हटलं: हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार यांचा संबंध इतर कारणं वजा केल्यावरही दिसतो, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. 'आणि' आहे, 'म्हणून' नाही. हिरड्यांवर उपचार केल्याने झटके कमी होतात का, या प्रश्नावर २०२२ च्या कोक्रेन आढाव्यानेही पुरेसा पुरावा नाही असंच सांगितलं.

इथे भाऊजी टाळ्या वाजवतील. वाजवू नका, थांबा जरा.

मी शाळेत हृदयविकार शिकवला तो नळातल्या क्षारासारखा. नळात क्षार साचतो, भोक बारीक होतं, पाणी अडतं. मुलांना पटकन कळायचं, आणि अर्धं चूक होतं. रक्तवाहिनी म्हणजे लोखंडी नळी नव्हे, ती जिवंत आहे. तिच्या अस्तराखाली चरबी शिरते, तिच्यामागून रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरतात, आणि तिथे एक धुमसती लढाई सुरू होते. तिलाच दाह म्हणतात. बहुतेक वेळा झटका येतो तो ही दाहाने कमकुवत झालेली गाठ फुटून तिच्यावर रक्त साखळलं की. हा नुसता तर्क राहिलेला नाही. २०१७ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधी झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण, म्हणजे सीआरपी, वाढलेली असलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांवर. औषध असं दिलं की कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह उतरवेल. मधल्या मात्रेला झटके-पक्षाघातासारखे प्रसंग पंधरा टक्क्यांनी घटले. त्याच औषधाने जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग थोडे वाढले, म्हणून ते हृदयासाठी वापरात आलं नाही. पण दाहाचा हात त्यातून उघड झाला. पुढे गाऊटवरचं जुनं कोल्चिसीन अगदी कमी मात्रेत हृदयरोग्यांना देऊन पाहिलं, त्यानेही गुण आला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी परवानगी मिळाली.

म्हणजे एका बाजूला हृदयवाले दाह शांत करायला नवनवी औषधं शोधत आहेत, आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसाच्या तोंडात बारा वर्षं दाहाची शेगडी पेटलेली आहे, आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही! मला राग येतो तो इथे.

शेगडी हा शब्द मी उगाच वापरत नाही. हिरडी आणि दाताच्या फटीत जंतूंचा थर बसतो, त्याचं किटण होतं. शरीर त्याच्याशी लढतं. पण शत्रू बसलाय दाताच्या कठीण पृष्ठभागावर, तिथून तो हलत नाही, आणि लढाई संपत नाही. सुजलेल्या हिरड्यांनी चावलं, ब्रश फिरवला, की थोडे जंतू रक्तात जातात. निरोगी शरीर त्यांना लवकरच निपटतं, पण हे रोजचंच. या फटींत राहणाऱ्या जंतूंचे अंश रक्तवाहिन्यांतल्या गाठींमध्ये सापडले आहेत. आणि हिरडीतल्या लढाईची वर्दी रक्तातून यकृतापर्यंत जाते, तिथे सीआरपी तयार होतं. सगळ्यात बोलका प्रयोग मला वाटला तो २००७ चा. हिरड्या फार खराब असलेल्या १२० जणांचे दोन गट केले, एकाला नेहमीची वरवरची सफाई, दुसऱ्याला कसून उपचार. आणि दोघांच्या हातातली रक्तवाहिनी किती चांगली प्रसरण पावते ते मोजलं. कसून उपचार केलेल्यांची रक्तवाहिनी दुसऱ्या दिवशी आणखी बिघडली, दाहाच्या खुणाही वर गेल्या. सगळी घाण ढवळली गेली ना! पण दोन महिन्यांनी ती दुसऱ्या गटापेक्षा चांगली झाली, आणि सहा महिन्यांनी आणखी चांगली. तोंडात काम केलं आणि दंडातल्या रक्तवाहिनीने दोन्ही वेळा उत्तर दिलं. दाताचं दाताला म्हणता ना भाऊजी? मग दंडाला कुणी सांगितलं?

यातून झटके टळतात असं मी म्हणत नाही. ते सिद्ध करायला हजारो लोकांना दोन गटांत वाटून एका गटाच्या हिरड्या कित्येक वर्षं तशाच सडत ठेवाव्या लागतील. कुठला भला डॉक्टर हे करेल? काही प्रश्नांची पुराव्याची वाट अशी अडलेली असते. म्हणून काय तोवर बेसिन धूत बसायचं?

एका जागी मात्र 'म्हणून' लिहायला शास्त्राची हरकत नाही. लहानपणीच्या सांधेतापाने ज्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्या झडपेवर तोंडातले जंतू जाऊन ठाण मांडतात, आणि तो आजार जीव घेऊ शकतो. आपल्या देशात अशा झडपांची माणसं थोडी नाहीत. त्यांनी दातांचं काम करण्याआधी झडपेबद्दल सांगायलाच हवं.

आता एक जुनी गोष्ट सांगते. पुतण्याला ती मुद्दाम सांगायची आहे, कारण त्याच्या फॉरवर्डचे पणजोबा त्यात आहेत. विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९१० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांखाली पू झाकून ठेवतात आणि त्यातून शरीरभर रोग पसरतात, असा त्याचा घणाघात होता. त्यात तथ्याचा कण होता. पण त्या कणाचा पंथ झाला. सांधे दुखतात? काढा दात. पोट बिघडलं? काढा दात. विसेक वर्षं अमेरिकेत लोकांचे चांगले दात पोत्याने उपटले गेले. ट्रेंटन इथल्या सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन तर वेड दातांतून येतं असं मानून रुग्णांचे दात काढत सुटला. दात काढून गुण आला नाही की टॉन्सिल, मग मोठं आतडं. कित्येक जण मेले. पुढे हा सगळा डोलारा कोसळला, आणि तो कोसळल्यावर वैद्यकाने तोंडाकडे पाठच फिरवली. 'तोंडातून रोग' हे शब्द उच्चारणाराच भोंदू ठरू लागला.

म्हणजे बघा, आज भाऊजी खांदे उडवतात त्याला शंभर वर्षांपूर्वीचे अतिउत्साही पुतणे जबाबदार आहेत! खोटा 'म्हणून' लिहिला की काही वर्षांनी खरा 'आणि'सुद्धा खोडला जातो.

तोंड शरीरातून वेगळं काढायला तसं आधीच सुरुवात झाली होती. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला दातांचं पहिलं स्वतंत्र कॉलेज निघालं, आपल्याकडे १९२० मध्ये कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी काढलं. दातांना स्वतःचं शास्त्र मिळालं हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर भिंतही आली. एका बाजूचे डॉक्टर हिरडी बघत नाहीत, दुसऱ्या बाजूच्यांना फाईल मिळत नाही. आणि विमा कंपन्यांनी त्या भिंतीवर काचा रोवल्या! बहुतेक पॉलिसी उघडून बघा, अपघात सोडला तर दातांचे उपचार बाहेर. स्टेंटचे लाखभर विनातक्रार देतील, हिरड्यांच्या सफाईचे काही हजार देणार नाहीत. जणू दात ही सोन्याच्या बांगड्यांसारखी हौस आहे.

बीपीच्या गोळीचं बघा. अॅम्लोडिपिन आपल्यापैकी किती घरांत आहे, हात वर करा. काही लोकांत या गोळीने हिरड्या वाढतात, दातांवर चढून येतात, मग त्यांच्याखाली घाण साठते. गोळी लिहिणारा हिरड्या बघत नाही, हिरड्यांचा मालक ते वयावर ढकलतो. ह्यांना ती गोळी सहा वर्षं आहे. हे आम्हाला सांगितलं कुणी, तर त्या दातवाल्या पोरीने.

आणि आपण स्वतः? आपल्या घरांत तर म्हणींसारख्या चालणाऱ्या समजुती आहेत. किटण काढलं की दात हलायला लागतात. (दात आधीच हलत असतात हो, किटणाने चिकटून राहिलेले असतात, जसं पडक्या भिंतीला वेलीने धरून ठेवावं.) वरचा दात काढला की नजर जाते. म्हातारपणी दात पडायचेच. हे शेवटचं तर भाऊजींचं ब्रह्मवाक्य. त्यांच्यासाठी श्रीलंकेतल्या चहामळ्यांची गोष्ट. हाराल्ड लो नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने १९७० पासून तिथल्या ४८० मजुरांच्या हिरड्या पंधरा वर्षं तपासल्या. ब्रश नाही, दातांचा डॉक्टर नाही, सगळ्यांच्या तोंडात किटण. तरी शंभरातल्या आठांचे दात झपाट्याने गेले, एक्क्याऐंशींचे हळूहळू, आणि अकरांना काही झालं नाही. म्हणजे नुसतं वय नव्हे आणि नुसतं नशीबही नव्हे. याच लोने १९६५ साली डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. एवढं सुरुवातीचं दुखणं एवढ्या स्वस्तात परत फिरतं! खोल फटी झाल्यावर मात्र गेलेलं हाड परत येत नाही, फक्त पुढचं थांबवता येतं. आम्ही ती वेळ बेसिन धुण्यात घालवली.

तेलाच्या गुळण्यांबद्दलही सांगून टाकते, नाहीतर पुतण्या विचारत राहील. कर बाबा, हरकत नाही, तोंड मोकळं वाटेल. पण हिरडीखाली दगडासारखं बसलेलं किटण तेलाने निघत नाही, ते हत्यारानेच काढावं लागतं. आणि हृदयातलं ब्लॉकेज तेलाच्या चुळीने विरघळतं हे लिहिणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा केला असता.

तर माझं मागणं काय? हृदयाच्या डॉक्टरांनी दातांचे डॉक्टर व्हावं असं नाही. त्या एक्केचाळीस प्रश्नांत बेचाळिसावा घाला: दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का? हो म्हटलं तर खाली एक ओळ, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. शाई तेवढीच लागेल. हिरड्या बऱ्या केल्याने झटका टळेल असं वचन त्यांनी देऊ नये, मला नकोच आहे ते. पण माणसाला धड चावता यावं, तोंडात पू नसावा, मधुमेह्याची साखर आटोक्यात राहायला हातभार लागावा (हिरड्या आणि साखर यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे, आणि तिथला पुरावा बराच भक्कम आहे), एवढ्यासाठी हिरडीने हृदयाचं शिफारसपत्र का आणावं?

ह्यांच्या हिरड्यांची सफाई चार बैठकांत झाली. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, असं त्या मुलीने दोनदा बजावलं, आणि हृदयाच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून विचारलं. सहा वर्षांत त्या भिंतीपलीकडे गेलेला तो पहिला फोन. पहिल्या बैठकीनंतर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दात लांब दिसायला लागले, थंड पाणी झोंबू लागलं, "चांगले होते ते बिघडवले" असं सगळ्यांना सांगत सुटले. आता बेसिनमधलं पाणी पांढरं आहे. सीआरपी किती उतरलं वगैरे मला विचारू नका, आणि उतरलं असतं तरी त्यावरून मी 'म्हणून' लिहिलं नसतं.

मागच्या आठवड्यात पुन्हा वारी झाली. फॉर्मच्या तळाशी 'इतर काही' अशी अर्धी ओळ असते, तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं: हिरड्यांचा जुना रोग, चोवीसपैकी एकोणीस दातांना खोल फटी, उपचार झाले, दर तीन महिन्यांनी तपासणी. काउंटरवरच्या मुलीने वाचून म्हटलं, "काकू, याला कॉम्प्युटरमध्ये रकाना नाही." मी म्हटलं, मग कागद तसाच फाईलला लाव. तिने लावला. उलटा, पण लावला.

आणि काल रात्री भाऊजींचा फोन. इकडचं तिकडचं पाच मिनिटं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून विचारतात, "वहिनी, ती तुमची डॉक्टरीण सुई देते का हो?"